बुढीच्या वयाचा हिशेब

२००९ सालची गोष्ट. वन हक्काच्या दाव्यांचे कागद भरायचं काम आम्ही चार पोरं करत होतो. गडचिरोली जिल्ह्यातलं जंगलाच्या तोंडावरचं गाव. नाव सांगत नाही, कारण दावे गावाचे आहेत आणि त्यात अजून माणसं अडकलेली आहेत. बौद्धांची वीस-बावीस घरं, बाकी गोंड, ढिवर, थोडे कुणबी. समाजमंदिरात सतरंजी टाकून बसलो होतो. एक बुढी काठी टेकत आली आणि समोर बसली. तिचा स्वतःचा दावा नव्हता. शेजाऱ्यांसाठी साक्ष द्यायला आली होती. जबाबाच्या कागदावर नाव लिहिलं. पुढचा रकाना वयाचा.

"आजी, वय किती?"

"लिही गा. पाच इसा."

पाच इसा म्हणजे पाच वेळा वीस. शंभर.

माझा पेन थांबला. आनंदानं थांबला, हे आधीच कबूल करतो.

कारण हा रकाना साधा नव्हता. वन हक्क कायदा २००६ चा. त्यात आदिवासी माणसानं १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा दाखवला की पुरतं. ती सूट त्यांच्या हक्काचीच आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपण पडलो 'इतर पारंपरिक वननिवासी'. आपल्याला त्या तारखेच्या मागे तीन पिढ्या इथंच राहत होतो हे दाखवावं लागतं. पिढी पंचवीस वर्षांची धरली आहे. तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं, म्हणजे थेट १९३० साल. १९३० साली तिकडे नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात आपली माणसं मार खात होती. इकडे जंगलात आमच्या आज्याकडे कागद कुठला? ज्याच्या बापाला अक्षर शिकू दिलं नाही, त्याच्या नातवाला सरकार विचारते, कागद दाखव.

कागद नसेल त्याच्यासाठी नियम १३ मध्ये एक वाट ठेवली आहे. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब. आता समजलं ना माझा पेन का थांबला? २००९ साली जी बाई शंभर वर्षांची, ती १९३० साली एकवीस वर्षांची जवान बाई. तिनं आपल्या डोळ्यांनी ही वस्ती पाहिलेली. एक आकडा लिहिला की वीस घरांची साक्ष उभी राहते.

पण हात चालेना. बुढी शंभरची वाटत नव्हती. मतदार ओळखपत्रावर तिचं वय ७० होतं. तेही खरं वाटत नव्हतं. आमच्या वस्तीत तसंही कुणाच्या वयावर विश्वास ठेवावा अशी सोय नाही. गुरुजींनी शाळेत नाव घालताना जी तारीख टाकली ती जन्मतारीख. अर्धी वस्ती १ जुलैला जन्मली, उरलेली १ जानेवारीला. भीमा कोरेगावच्या शौर्यदिनीच आम्ही घाऊक जन्माला आलो, असं आम्ही हसण्यावारी नेतो. हसण्यासारखं त्यात काही नाही. ज्याचा जन्म कुणी लिहिला नाही त्याचं जगणं कुणी मोजलं नाही.

मग मी बुढीलाच विचारत गेलो. लग्न कधी झालं? तर म्हणाली, इंग्रजाची मोठी लढाई चालू होती, धान महाग झालं होतं, माझी छाती भरली नव्हती. म्हणजे १९३९ ते ४५ च्या मधलं काही तरी साल, आणि वय बारा-तेरा. चांद्याला बाबासाहेब आले तेव्हा? तेव्हा चौथं पोर कडेवर होतं. बैलबंडीनं नदीपर्यंत, डोंग्यानं पलीकडे, पुढं पायी. ती तारीख मला पाठ आहे, तुम्हालाही आहे. १६ ऑक्टोबर १९५६. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी. चांद्याच्या मैदानात तिनं हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हटलं. त्यानंतर तिला अजून दोन पोरं झाली.

मी कागदाच्या मागच्या बाजूला वजाबाकी केली. शंभर खरे असते तर १९५६ साली ती सत्तेचाळीसची. कडेवर अंगावर पिणारं पोर, आणि पुढं अजून दोन? होत नाही. हिशेब सांगत होता की ती १९२८-३० च्या सुमाराची. म्हणजे वय ऐंशी. १९३० साली ती आईच्या झोळीत.

माझ्यासोबतचा मित्र कानात म्हणाला, "शंभर लिही. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खोटी कागदं करून जमिनी खाल्ल्या. आपण एका बुढीचं वय वीस वर्षांनी वाढवलं तर कोणतं आभाळ पडते?"

मित्रांनो, हा प्रश्न मी झटकून टाकत नाही. तुम्हीही टाकू नका. ज्याला न्याय मागायला पुरावा लागतो आणि ज्याचा पुरावा त्याच व्यवस्थेनं आधीच जाळून ठेवला आहे, त्यानं खरं बोलावं की नाही? पोट भरलेल्या माणसानं सत्यावर भाषण देणं सोपं आहे. वीस घरांची बांधी जाणार असेल तेव्हा सांगा.

त्या रात्री उत्तर सापडलं नाही. म्हणून दुसरी वाट धरली. आमच्या घराण्यात कोतवाली होती. जुन्या मध्य प्रांतात गावचे जन्म आणि मृत्यू सांगायला कोतवाल ठाण्यावर जायचा. आमच्या भागात कितीतरी गावी हा कोतवाल महार असे. कुणाकडे पोरगं झालं, कुणाची बाई बाळंतपणात गेली, कोण तापानं मेलं, सगळं डोक्यात ठेवून तो जंगलातून ठाण्यापर्यंत चालायचा. वर सोयऱ्यांच्या गावी मरणाचा सांगावा पोचवायचा तोही आमचाच माणूस. अख्ख्या गावाचं जन्ममरण आम्ही पाठीवर वाहिलं. त्या नोंदींची नक्कल 'कोतवाल बुक' म्हणून आजही जात पडताळणीला लागते.

एका कार्यालयाच्या रेकॉर्ड खोलीत ते बुक मी पाहिलं. वाळवीनं कडा खाल्लेल्या. बुढीच्या माहेरच्या गावचं पान निघालं. १९२७, २८, २९, ३०. बापाचं नाव, जात, तारीख, आणि पुढं 'मुलगी'. नाव नाही. तिच्या बापाच्या नावाचे महार त्या गावात दोन, आणि त्या चार वर्षांत त्या दोन नावांपुढं तीन मुली. यातली बुढी कोणती? मुलगी जगेल की मरेल याचा भरवसा नसताना तिचं नाव लिहायची घाई कोण करणार? एवढं मात्र कळलं की १९०९ च्या पानावर त्या नावांपुढं काहीच नव्हतं.

आता मूळ प्रश्नावर येतो. माणसं खूप वर्षं का जगतात?

शहरातले लोक आमच्याकडे येतात, ताडोबाचा वाघ पाहतात, रस्त्यात मोहफुलं वेचणारी एखादी वाकलेली म्हातारी पाहतात आणि म्हणतात, जंगलातली हवा, साधं जेवण, म्हणून ही माणसं शंभर वर्षं जगतात. त्यांना म्हातारी दिसते. तिची पाच भावंडं दिसत नाहीत, कारण ती जमिनीत आहेत. डोक्यात चढणारा मलेरिया, सिकलसेल, साप, बाळंतपण, भूक या सगळ्यांतून जो वाचला तोच रस्त्यावर दिसतो. वाचलेल्याला पाहून जंगलाला औषध म्हणणं म्हणजे लढाईतून परतलेल्याला पाहून लढाईला तालीम म्हणणं.

जगातही हेच चाललं आहे. जपानचं ओकिनावा, इटलीचं सार्डिनिया अशा शतायुषी मुलखांच्या गोष्टी छापल्या जातात. न्यूमन नावाच्या अभ्यासकानं त्याचा हिशेब तपासला. अमेरिकेत ज्या ज्या राज्यात जन्मनोंदणी सुरू झाली, तिथं एकशे दहाच्या पुढच्या माणसांची संख्या ६९ ते ८२ टक्क्यांनी घसरली. हवा तीच, जेवण तेच. फक्त कागद आला. २०१० साली जपान सरकारनं शोध घेतला तर शंभरी ओलांडलेली २ लाख ३० हजारांहून जास्त माणसं नोंदवहीत जिवंत आणि प्रत्यक्षात बेपत्ता निघाली. फ्रान्सची जान कालमां १८७५ ते १९९७ अशी १२२ वर्षं जगली असं जग मानतं, ते तिच्या जन्मापासूनचे कागद शाबूत आहेत म्हणून. कागद नाही तिथं वय फुगतं. आपल्याकडे श्रावणबाळ योजनेच्या पगारासाठी ६५ पूर्ण लागतात. वय वाढवलं तर पोटाला चार पैसे मिळतात, गावात मान मिळतो. बुढीनं शंभर सांगितलं ते ठरवून खोटं नव्हतं. लोक तिला शंभरची म्हणायचे, ती हो म्हणायची.

दुसरं उत्तर त्याहून वाईट आहे. ते म्हणतात, पुण्याई. मागच्या जन्मी चांगलं केलं म्हणून लांब आयुष्य. पाया पडलं की शतायुषी हो. या उत्तराची दुसरी बाजू कुणी बोलून दाखवत नाही. लांब जगणारा पुण्यवान, तर बारा दिवसांत मेलेलं आमचं पोर पापी ठरतं. रमाई चाळिशीही न गाठता गेली. बाबासाहेबांच्या पाच लेकरांतली चार लहानपणीच गेली. कुणाचं पाप? हा हिशेब आपण १९५६ साली फेकून दिला आहे. तो पुन्हा घरात शिरू देऊ नका. वाढदिवसाच्या आशीर्वादातूनही नको.

तिसरं उत्तर आपलं. त्यातही खोट आहे, म्हणून तेही बोलतो. मी सभेत सांगायचो, पाहा, महर्षी कर्वे १८५८ ते १९६२ असे १०४ वर्षं जगले, आणि आमचे फुले ६३, बाबासाहेब ६५, बॅरिस्टर खोब्रागडे ५८, अण्णाभाऊ तर ४९ व्या वर्षीच गेले. टाळ्या पडायच्या. एकदा एका बाईनं खालून विचारलं, भाऊ, टिळक किती वर्षं जगले? चौसष्ट. रानडे? एकोणसाठाव्या वर्षी गेले. गोखले? एकोणपन्नासाव्या. अण्णाभाऊंच्याच वयाला. मी गप्प झालो. चार नावं निवडून काहीही सिद्ध करता येतं. कर्व्यांनी आपलं आयुष्य बायकांच्या शिक्षणाला लावलं. त्यांच्या १०४ वर्षांवर रागावून आपल्याला काय मिळणार? माणूस-माणूस मोजायचा नसतो. गाव मोजायचं, जात मोजायची, हजारात किती हे मोजायचं.

ते मोजलं तर काय निघतं? १९४० च्या दशकात या देशात सरासरी आयुर्मान ३२ च्या आसपास होतं. याचा अर्थ सगळे बत्तिशीत मरत होते असा नाही. पोरं पाळण्यातच मरत होती आणि सरासरी खाली ओढत होती. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. त्यात म्हाताऱ्यांनी काही मोठा पराक्रम केला नाही, मुख्यतः पोरं वाचली. आपल्याच गडचिरोलीचं पाहा. १९८८ साली डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं मोजलं तेव्हा हजारी १२१ बाळं वर्षाच्या आत मरत होती. १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून आरोग्यदूत केलं. बाळाला ऊब द्यायची, श्वास अडला तर उघडायचा, जंतुदोष ओळखून इंजेक्शन द्यायचं. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. जंगल तेच होतं, आयाही त्याच. मग आधीची बाळं नशिबानं मेली असं कोण म्हणेल?

आणि जात? २०२२ साली नऊ राज्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात महाराष्ट्र नाही, पण आपल्याला लागून असलेलं छत्तीसगड आहे. वरच्या जातीच्या हिंदूंपेक्षा दलित तीन वर्षांहून जास्त कमी जगतात, आदिवासी चार वर्षांहून जास्त कमी. घरच्या गरिबीचा हिशेब काढून टाकला तरी निम्म्याहून जास्त फरक शिल्लक राहतो. म्हणजे पैसा आला तरी जात आयुष्य खातच राहते. दुसरा एक आकडा तुम्ही पोस्टरवर पाहिला असेल. संयुक्त राष्ट्रांच्या महिला संस्थेच्या २०१८ च्या अहवालातला. दलित बाईचं मरणाच्या वेळचं सरासरी वय ३९.५, वरच्या जातीच्या बाईचं ५४.१. तो वापरा, पण जपून. ते मरणाऱ्यांचं सरासरी वय आहे, आयुर्मान नाही. ज्या समाजात पोरं जास्त, तिथं मरणाऱ्यांचं सरासरी वय तसंही खाली येतं. विरोधकानं बोट ठेवावं असा आकडा आपण का उगारावा? तीन वर्षं आणि चार वर्षं पुरेशी आहेत. कोट्यवधी माणसांची प्रत्येकी तीन वर्षं. एवढी मोठी चोरी दुसरी कोणती?

'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी एक प्रश्न टाकला आहे. सिद्धार्थानं म्हातारा, आजारी आणि मेलेला माणूस पाहिला आणि घर सोडलं, हे त्यांनी मानलं नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाला हे आधी कधीच दिसलं नसेल का? मी ते वाचताना आमच्या वस्तीचा विचार केला. सिद्धार्थाचा रथ आमच्या गल्लीतून गेला असता तर आजारी सापडला असता, मेलेलाही सापडला असता. म्हातारा मात्र शोधावा लागला असता.

आठ दिवसांनी पुन्हा बुढीकडे गेलो. म्हटलं, आजी, तुमचं वय ऐंशी निघते. १९३० चं तुम्ही पाहिलेलं नाही. शंभर लिहिलं तर खोटं होईल, ऐंशी लिहिलं तर दावे पडतील. काय करू?

तिला राग आला. वयाबद्दल नाही, माझ्याबद्दल.

"खोटं काऊन लिवतं? बाबासाहेबाच्या पुढं हात जोडून मनलं, खोटं बोलनार नाई. आता मरतेवेळी बोलू का? मी पाह्यलं ते पाह्यलं मन. सासूनं सांगतलं ते सांगतलं मन."

मग ती सांगत गेली. सासू याच वस्तीत सून म्हणून आली होती. मानमोडीच्या साली, म्हणजे १९१८ च्या तापात, सासूचे सासू-सासरे एका आठवड्यात गेले. त्यांना कुठं पुरलं, तेव्हा वस्तीत किती घरं होती, विहीर कुणी खणली, रोवणीच्या वेळी सासू हे सगळं सुनेला सांगायची. मग काठी घेऊन उठली. म्हणाली, चाल. वस्तीच्या मागे मोहाच्या झाडापलीकडे मसनवट आहे. तिथं तिनं काठीनं जागा दाखवल्या. हे सासूचे सासरे. ही सासू. आणि झाडाच्या मुळाशी लहान दगड.

"सहा झाले गा मले. तीन इथं हायेत."

त्याच नियम १३ मध्ये जुन्या विहिरी आणि पुरण्याच्या जागाही पुरावा म्हणून सांगितल्या आहेत. दाव्याला किमान दोन पुरावे लागतात. एक पुरावा बुढी होती, जी जगली. दुसरा पुरावा जे जगले नाहीत ते.

जबाब आम्ही दोन भागांत लिहिला. 'मी स्वतः पाहिलेले' आणि 'सासूने मला सांगितलेले'. वय : अंदाजे ८०. खाली तिचा अंगठा. मित्रानं तोंड वाकडं केलं, पण सही केली. ते दावे एकदा परत आले, 'ऐकीव माहिती' असा शेरा मारून. आम्ही मसनवटीचा पंचनामा जोडून पुन्हा दिले. काहींचे पट्टे झाले, काहींचे अजून व्हायचे आहेत. खरं लिहिल्यानं सगळं मिळालं असं मी सांगणार नाही. पण आजपर्यंत त्या जबाबातली एकही ओळ कुणाला खोटी पाडता आलेली नाही.

मित्राच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं. शंभर हा आकडा आम्ही लिहिला असता तर सासूची गोष्ट लिहायची गरजच पडली नसती. लहान दगडांपर्यंत तर कुणीच गेलं नसतं. एका बाईला शंभर वर्षं जगवण्यासाठी आम्ही तिची तीन मेलेली पोरं खोडली असती. आणि एकदा आपणच म्हटलं की आमच्या वस्तीत माणसं शंभर वर्षं जगतात, की मग आमची तीन वर्षं कुणी चोरली हे विचारायचं तोंड कुठं राहते?

बुढी २०१४ च्या उन्हाळ्यात गेली. मृत्यूची नोंद करायला मीच गेलो. तिचा मुलगा म्हणाला, भाऊ, एकशे पाच लिहा, बरं दिसते. मी ८५ लिहिलं, पुढं 'अंदाजे' लिहिलं. तो काही बोलला नाही. घरी येताना म्हणाला, "माझं किती असंल?"

तर दोस्तहो, काम सांगतो. तुमच्या वस्तीत सत्तरीच्या पुढचं जे कुणी असेल त्याच्याजवळ या महिन्यात वही घेऊन बसा. पान दुमडून दोन भाग करा. एका बाजूला पाहिलेलं, दुसऱ्या बाजूला ऐकलेलं. तारीख टाका, अंगठा घ्या. मसनवट पाहून या. आणि वस्तीत जे पोर जन्मेल त्याची नोंद एकवीस दिवसांच्या आत करा. नावासकट करा. मुलगी असेल तर आधी करा.